देवाच्या काठीला लावलेली चाल

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी पोस्टकार्डं यायची, त्यांना एक ठरावीक कार्ड आठवत असेल. वर देवाचं किंवा देवीचं नाव. खाली मजकूर: हे पत्र मिळाल्यावर आणखी इतक्या जणांना पाठवा. अमक्या गावच्या एकानं पाठवलं, त्याला लॉटरी लागली. तमक्या गावच्या एकानं हसून फाडून टाकलं, आठवड्यात त्याचं दुकान जळालं. घरातली मोठी माणसं "काहीतरीच" म्हणायची आणि दुपारी गुपचूप पोस्टातून कार्डं घेऊन यायची. आज तोच मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. कुठे पूल पडला, पूर आला की चोवीस तासांच्या आत कुणीतरी पाप्यांचा हिशेब मांडून मोकळा होतो.

या सगळ्याचा एक लांबचा, पण चेहऱ्यानं हुबेहूब नातेवाईक चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये सापडतो. देवाला न मानणाऱ्यांचं काय झालं, हे सांगणारी गाणी तिथे रस्त्यावर विकली जायची. साहित्याचे अभ्यासक त्यांवर जाड ग्रंथ लिहितात, आणि सामान्य वाचकाला त्यात शिरायला दार सापडत नाही. ते दार थोडं किलकिलं करू या.

एक कागद, एक गाणं, एक पेनी

बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. आपला पोवाडा त्याच्या जवळचा, पण पोवाड्याला शाहीर लागतो, डफ लागतो, ऐकायला फड लागतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी बॅलडला यातलं काहीच लागत नसे. कागदाच्या एकाच बाजूला छापलेलं गाणं, वर एखादं लाकडी ठशाचं चित्र, किंमत एक पेनी किंवा त्याहून कमी. या एका बाजूला छापलेल्या कागदाला ब्रॉडसाइड म्हणतात. विकणारा बाजारात उभा राहून गायचा, लोक जमायचे, ज्याला आवडेल तो कागद घेऊन जायचा आणि घरी किंवा दारूच्या गुत्त्यात भिंतीवर चिकटवायचा.

स्वरलिपी त्यावर बहुधा नसायचीच. फक्त लिहिलेलं असायचं: चाल अमुक. आपल्या भजनांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जुन्या गाण्याचा मुखडा देतात, अगदी तसंच. म्हणून वाचता न येणाऱ्याचंही अडत नसे. १६४०च्या दशकात इंग्लंडात स्वतःची सही करू शकणारे पुरुष साधारण ३० टक्के होते, बायका त्याहून खूप कमी. पण चाल सगळ्यांना पाठ.

दैवी शिक्षेच्या गाण्यांची एक लाडकी चाल होती, 'फॉर्च्युन माय फो' या गाण्याची. मुळात ते नशिबाला बोल लावणारं प्रेमगीत. पण फाशीच्या कैद्यांचे शेवटचे विलाप याच चालीवर इतके रचले गेले की तिला 'फाशीची चाल' असंच नाव पडलं. म्हणजे पहिली ओळ कानावर पडायच्या आधी, नुसते सूर ऐकूनच कळायचं की आज कुणाची तरी वाट लागणार आहे.

डॉक्टर फॉस्टसचं बॅलड याच चालीवर आहे. चोवीस वर्षांच्या सुखासाठी सैतानाला आत्मा विकणारा तो जर्मन पंडित. या विषयावरच्या बॅलडची नोंद लंडनच्या छापखानेवाल्यांच्या वहीत १५८९ सालची आहे. आज जे गाणं हाती आहे त्याची छापील प्रत बरीच नंतरची, पण त्यात एक गंमत आहे. ते फॉस्टस स्वतः गातो. "सगळ्या ख्रिस्ती जनांनो, जरा माझं ऐका" अशी सुरुवात. म्हणजे कागद विकत घेणारी बाई भांडी घासताना ते गुणगुणते, तेव्हा "मी देवाला सोडलं, मी नरकात चाललो" हे ती स्वतःच्या तोंडानं म्हणत असते. प्रवचनात पाप दुसऱ्याचं असतं. इथे ते चार मिनिटांपुरतं तुमचं होतं. या गाण्यांची खरी ताकद मला इथेच वाटते, चित्रातल्या शिंगं असलेल्या सैतानात नाही.

'नास्तिक' म्हणजे नक्की कोण?

आज नास्तिक म्हटलं की देव नाही असं विचारपूर्वक मानणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द फार सैल होता. देव आहे हे तोंडानं म्हणणारा, पण तो शिक्षा करणार नाही अशा थाटात जगणारा, तोही नास्तिकच. मग त्यात कोण बसत नाही? खोटी शपथ खाणारा, रविवारी चर्च सोडून अस्वलांच्या झुंजी पाहायला जाणारा, व्याजानं पैसे देणारा, दारू पिऊन देवाच्या नावानं शिव्या देणारा. राज्य पोपला झुगारून प्रोटेस्टंट झाल्यावर पोपला मानणारे कॅथलिकही त्याच पोत्यात. आणि कॅथलिकांच्या लेखी अर्थातच प्रोटेस्टंट हेच पाखंडी.

एक आडवळण घेतो. याच काळात, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट (म्हणजे कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचा पाद्री) गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचं मराठी ओवीतलं 'क्रिस्तपुराण' छापून आलं. आपण त्याला 'फादर स्टीफन्स' म्हणून मराठीच्या इतिहासात मानाचं पान देतो. तो मायदेशी राहिला असता, तर लंडनच्या रस्त्यावरच्या गाण्यांत देवाच्या शत्रूंच्या यादीत असता. नास्तिक कोण, हे कुठल्या बंदरात उभं राहून विचारता यावर अवलंबून होतं.

या गाण्यांमागचा विचार एका वाक्यात सांगता येतो: जगात योगायोग नसतो. चिमणी पडली तरी देवाच्या मर्जीनं. याला ते लोक 'प्रॉव्हिडन्स' म्हणत, म्हणजे प्रत्येक घटनेमागे चालू असलेला देवाचा कारभार. एकदा हे मान्य केलं की अपघात हा शब्दच उरत नाही. छप्पर कोसळलं तर कुणासाठी कोसळलं, एवढाच प्रश्न राहतो.

मार्लोचा खंजीर

या विचारातून गोष्ट कशी तयार होते, हे पाहायला ख्रिस्तोफर मार्लोइतकं चांगलं उदाहरण नाही. शेक्सपिअरचा समकालीन, फॉस्टसवर गाजलेलं नाटक लिहिणारा नाटककार. त्याच्यावर धर्मनिंदेचे आरोप झाले होते. ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेप्टफर्ड इथे तो भोसकला जाऊन मेला. वय २९.

चार वर्षांनी, १५९७ साली, थॉमस बियर्ड नावाच्या पाद्र्यानं देवानं दिलेल्या शिक्षांचा एक जाडजूड संग्रह छापला. पुढे इंग्लंडची सत्ता हाती घेणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा हा बियर्ड शाळामास्तर झाला. त्यानं मार्लोची गोष्ट अशी सांगितली: लंडनच्या रस्त्यात मार्लो एकावर खंजीर घेऊन धावला, त्यानं वार चुकवून मार्लोचं मनगट धरलं, आणि मार्लोच्याच हातानं मार्लोचाच खंजीर मार्लोच्याच डोक्यात घुसला. मरतानाही तो शिव्याशाप देत होता. आणि ज्या हातानं देवनिंदा लिहिली त्याच हातानं शिक्षा करवली, हा बघा देवाचा न्याय.

गोष्ट म्हणून हे बिनतोड आहे. पण १९२५ साली लेस्ली हॉटसन या संशोधकाला मृत्यूच्या चौकशीचा मूळ सरकारी कागद सापडला. त्यात रस्ता नाही. घर आहे, एलेनर बुल नावाच्या बाईचं. दिवसभर चार माणसं तिथे होती, जेवण झालं, आणि बिल कुणी द्यायचं यावरून भांडण झालं. मार्लोनं इन्ग्रॅम फ्रायझरचा खंजीर ओढून त्याच्यावर वार केले, झटापटीत फ्रायझरनं तो परत मिळवला आणि मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर खुपसला. खंजिराची किंमतसुद्धा नोंदवलेली आहे: १२ पेन्स. फ्रायझरला महिनाभरात माफी मिळाली. ते चौघे ज्या प्रकारचे लोक होते ते पाहता या सरकारी कागदावरही सगळ्यांचा विश्वास नाही, हेरगिरीचा वास त्याला येतो. ते राहू दे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की खंजीर मार्लोचा नव्हता.

आता बियर्डनं काय केलं ते पाहा. बहुधा तो जाणूनबुजून खोटं बोलला नसेल. ऐकीव गोष्ट त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तिचे कोपरे घासून निघाले होते. बिलाचं भांडण दैवी न्यायाला शोभत नाही, म्हणून ते गळालं. दुसऱ्याचा खंजीर गोष्टीत बसत नाही, म्हणून तो मार्लोचा झाला. निकाल आधीच लागलेला होता, पुरावा नंतर त्याच्या मापानं शिवला.

लोक हे सगळं खरं मानायचे?

सगळे नाही. सगळेच हसत होते असंही नाही. शेक्सपिअरनं १६११च्या सुमारास रंगमंचावर आलेल्या 'द विंटर्स टेल' नाटकात ऑटोलिकस नावाचा बॅलडविक्या दाखवलाय. अट्टल भामटा. एका सावकाराच्या बायकोनं पैशांच्या वीस थैल्यांना जन्म दिला, हे त्याच्याकडचं एक गाणं. सावकाराला शिक्षा! दुसरं एका माशाचं. हा मासा एप्रिलच्या ऐंशी तारखेला समुद्रकिनारी, पाण्याच्या चाळीस हजार वाव (खोली मोजायचं जुनं माप) वर प्रकट झाला आणि प्रेमिकांना झिडकारणाऱ्या मुलींच्या निष्ठुरपणावर गाणं म्हणाला. मूळची ती बाईच, प्रेमाला नकार दिला म्हणून थंड मासा झालेली. पुरावा? पाच न्यायाधीशांच्या सह्या आणि झोळीत मावणार नाहीत इतके साक्षीदार.

आणि मोप्सा ही खेड्यातली पोरगी म्हणते की मला छापलेली बॅलडं फार आवडतात, कारण मग ती खरी आहेत याची खात्री असते. प्रेक्षक हसले असणार. पण ज्या अर्थी हसले त्या अर्थी शंका घ्यायची अक्कल रस्त्यावरच्या माणसालाही होती. 'छापून आलंय' ची जागा आपल्याकडे आधी 'पेपरात आलंय' नं घेतली आणि मग 'व्हिडिओ आहे' नं.

ऑटोलिकसच्या सह्या-साक्षीदारांकडे मात्र गमतीच्या पलीकडे पाहायला हवं. खऱ्या बॅलडांतही गावाचं नाव, तारीख, प्रतिष्ठित साक्षीदार हे सगळं असतंच. पुराणकथेला तारीख लागत नाही. ही गाणी एकाच वेळी कीर्तनही होती आणि बातमीही, आणि बातमीला पत्ता लागतो. पोस्टकार्डातलं "तमक्या गावच्या एकानं" हे त्याच जातीचं.

पण कधी कधी खरंच घडलं असेल तर?

हा आक्षेप रास्त आहे, कारण कधी कधी खरंच घडायचं. डर्बीशायरमधल्या ॲशोव्हर गावची डॉरथी मेटली घ्या. तिची गोष्ट बॅलडातली नाही, जॉन बन्यन या इंग्रज धर्मलेखकानं ती १६८०च्या पुस्तकात गद्यात सांगितली आहे, पण साचा तोच. ही बाई ऊठसूट म्हणायची, "खोटं बोलत असेन तर धरणी मला गिळो." १६६०च्या मार्चमध्ये एका पोराचे दोन पेन्स चोरल्याचा आळ तिच्यावर आला. तिनं नेहमीची शपथ घातली. थोड्या वेळानं ती गिरकी खात जमिनीत गेली, वरून दगड पडला, माती पडली. उकरून काढलं तेव्हा दोन पेन्स खिशात.

अंगावर काटा येतो. आता एक तपशील, जो बन्यननंही लपवलेला नाही: ती तेव्हा टेकडीवर शिशाच्या खाणीचा गाळ धूत होती. त्या मुलखात जमीन शिशासाठी पोखरलेली. पोखरलेल्या जमिनीवर पाणी ओतत दिवसभर बसणारी बाई कधीतरी खचेल, याला शपथेची गरज नाही. धरणी गिळण्याची शपथ तिला का सुचावी? कारण तिथे धरणी अधूनमधून खरंच गिळत असणार. शपथ आणि मरण दोन्ही एकाच खाणीतून आलेले. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो.

मोठ्या दुर्घटनांत हा गोंधळ आणखी स्पष्ट दिसतो. २६ ऑक्टोबर १६२३, लंडनचा ब्लॅकफ्रायर्स भाग. फ्रेंच राजदूताच्या निवासाला लागून असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काहीशे कॅथलिक एका जेझुइटाचं प्रवचन ऐकायला जमले होते. तुळई मोडली, मजला खालच्या मजल्यासकट कोसळला आणि नव्वदहून जास्त माणसं मेली, प्रवचन देणारा रॉबर्ट ड्रुरीही. लगेच बॅलड छापून आलं. प्रोटेस्टंटांनी पंचांग काढून दाखवलं: युरोपातल्या कॅथलिकांच्या नव्या पंचांगाप्रमाणे तो दिवस ५ नोव्हेंबर. १६०५ साली कॅथलिक कटवाल्यांचा पार्लमेंट उडवण्याचा बेत ज्या तारखेला फसला तीच! देवानं तारीखसुद्धा पाळली.

पण मग १५७७चं ऑक्सफर्ड? तिथे रोलंड जेंक्स या कॅथलिक पुस्तकविक्याला कान कापण्याची शिक्षा झाली. त्याच सुनावणीनंतर तुरुंगातला ताप कोर्टात पसरून मुख्य न्यायाधीश, शेरीफ, ज्यूरीतले लोक असे सुमारे ३०० जण मेले. कॅथलिकांनी म्हटलं, बघा देवाचा न्याय. प्रोटेस्टंटांना त्यात तुरुंगाची घाण दिसली. आज आपण त्याला उवांमुळे पसरणारा टायफस म्हणू. थोडक्यात, आपली माणसं मेली की कारण तुळई किंवा उवा. त्यांची मेली की कारण देव.

हसण्यावारी न नेण्यासारखं काही

आतापर्यंतच्या गोष्टी थोड्या मजेच्या होत्या. एक मजेची नाही. सतराव्या शतकातलं एक लोकप्रिय बॅलड जेरुसलेमच्या चांभाराचं आहे. क्रूस वाहून नेणारा येशू त्याच्या दाराशी टेकायला थांबतो, तो हाकलून देतो, आणि येशू म्हणतो: मी विसावेन, तू मात्र चालत राहशील. तेव्हापासून तो मरण न येता जगभर भटकतो आहे. आपल्याला लगेच जखमेला तेल मागत दारोदार फिरणारा अश्वत्थामा आठवतो. पण अश्वत्थामा एकटा होता, त्याच्या नावानं कुठली जमात ओळखली गेली नाही. हा चांभार 'भटका ज्यू' म्हणून प्रसिद्ध झाला आणि एका माणसाची शिक्षा अख्ख्या लोकांच्या कपाळी चिकटली.

इंग्लंडमधून ज्यूंना १२९० सालीच हाकललं होतं आणि १६५६पर्यंत त्यांना उघडपणे राहताही येत नव्हतं. म्हणजे गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात ज्यू पाहिलेला नव्हता. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं जेरुसलेम उद्ध्वस्त केलं, त्याचीही बॅलडं होती, आणि ती लंडनला उद्देशून असायची: सुधरा, नाहीतर तुमचंही असंच होईल. न पाहिलेल्या माणसाला पापाचा नमुना करणं सोपं जातं. तो उत्तर द्यायला बाजारात येत नाही.

मग आपली सत्यनारायणाची कथा वेगळी कुठे?

हा प्रश्न वाचकाच्या मनात मघापासून असणार. साधुवाणी नवस पुढे ढकलतो, तुरुंगात जातो. नावेत काय आहे विचारलं तर लता-पानं म्हणतो, तेच खरं होतं. कलावती प्रसाद न खाता धावते, नवऱ्यासकट नाव बुडते. शनीला हसणाऱ्या विक्रमाचे हातपाय तुटतात. देवाला कमी लेखलं, शिक्षा झाली. साचा सारखाच दिसतो.

पण शेवट पाहा. कलावती परत जाऊन प्रसाद खाते आणि नाव वर येते. विक्रमाला हातपाय आणि राज्य परत मिळतं. बंगालच्या मनसामंगल काव्यांतला चांद सौदागर तर सहा मुलगे, नंतर सातवा, गलबतं सगळं गमावूनही मनसादेवीला, म्हणजे नागांच्या देवीला, नमत नाही. शेवटी सुनेखातर नमतो तोही तोंड फिरवून, डाव्या हातानं फूल टाकून, आणि देवी तेवढ्यावर सगळं परत करते. या कथांतल्या देवांना भक्त हवा असतो, मेलेला नास्तिक त्यांच्या काही कामाचा नाही. इंग्रजी बॅलडात मात्र पापी बहुतेकदा मरतोच. बातमी असल्यामुळे त्याला परत उठवता येत नाही, आणि त्याचं प्रेत हाच तर ऐकणाऱ्याला दिलेला इशारा.

आणखी एक. सत्यनारायणाच्या कथेतला तुंगध्वज राजा शंभर मुलगे गमावतो तो गुराख्यांच्या हातचा प्रसाद नाकारतो म्हणून. तिथे देवाची काठी राजाच्या पाठीत बसते, गुराख्यांच्या बाजूनं. सावकाराच्या पैशांच्या थैल्यांमागेही हीच हौस आहे: कोर्टात ज्याचं वाकडं करता येत नाही, त्याचं गाण्यात करायचं.

निदान धर्मग्रंथ तरी याच्या बाजूने आहे ना?

गंमत म्हणजे, धड नाही. बायबलच्या जुन्या करारात अशा शिक्षा भरपूर आहेत. पण नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सिलोआमच्या बुरुजाचा उल्लेख येतो. बुरूज पडून अठरा जण मेले होते. येशू विचारतो, ते काय जेरुसलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते? आणि स्वतःच सांगतो: नाही. ब्लॅकफ्रायर्सच्या तुळईला हे उत्तर सोळाशे वर्षं आधी दिलेलं होतं. ते वाक्य चर्चमध्ये वाचलं जायचं, पण त्याला कुणी चाल लावल्याचं मला माहीत नाही.

आणि हा मोह फक्त भोळ्यांना किंवा दुष्टांना होतो असंही नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची दैवी शिक्षा असल्याचं म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं: भौतिक संकटांची कारणं भौतिकच असतात, आणि असा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला जास्त शोभतो. गांधीजींनी ते आपल्या साप्ताहिकात छापलं, उत्तर दिलं, आणि मत बदललं नाही. कारण चांगलं होतं, तरी काठी तीच होती. मंदिरप्रवेशाला विरोध करणारा सनातनीही तोच भूकंप दाखवून उलटं सांगू शकत होता.

जे गाणं नव्हतंच

मार्लोकडे एकदा परत जाऊ. नाटककार, देवनिंदक, तरुण वयात खून: बॅलडसाठी याहून चांगला विषय नाही. म्हणून १८५० साली मार्लोच्या साहित्याच्या एका आवृत्तीत 'द एथिइस्ट्स ट्रॅजेडी' नावाचं जुनं बॅलड छापून आलं, तेव्हा अभ्यासकांना आनंद झाला. त्यात मार्लोचं नाव अक्षरं उलटसुलट करून 'वर्मॉल' केलेलं, तो रंगमंचावर पाय मोडून घेणारा नट, शेवटी हातातल्या खंजिरानं मरणारा. हस्तलिखित होतं जॉन पेन कॉलियर या विद्वानाकडे. कॉलियरनं शेक्सपिअरच्या काळातले कितीतरी जुने कागद स्वतःच तयार केले होते, हे पुढे उघड झालं. हे बॅलडही आता त्याचीच करामत मानली जाते. तोवर काही चरित्रकारांनी मार्लोच्या आयुष्यात तो मोडका पाय लिहूनही टाकला होता.